टेकाडी आळीत पाणी आल्याची बातमी

“मला लई काय नको साहेब, एकच सांगा. लेकीला आणू का नको?”

शालनआक्का बोडके यांनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी तो काढून घेईन अशी भीती त्यांना वाटत असावी, आणि ती काही चुकीची नव्हती. माझ्या पहिल्यावहिल्या जनसंवादात त्यांच्याआधी चार जण बोलले होते आणि चौघांच्याही पाठीवर हात ठेवून, हसत हसत, मी माईक काढून घेतला होता.

“आणायची म्हणजे?” मी विचारलं.

“बाळंतपणाला. सातवा लागलाय. तिची सासू म्हणती, तुमच्या आळीत नळाला पाणी चढत न्हाई, तिथं मी सून पाठवणार न्हाई. तुम्ही निवडणुकीत म्हणला होता, दोन महिन्यांत पाणी देतो. आता खरं काय ते सांगा. येणार असलं तर आणते, न्हाईतर ऱ्हाऊ द्या तिला तिथंच.”

टेकाडी आळी म्हणजे आमच्या प्रभाग नऊचं सगळ्यांत उंच टोक. खालच्या चौकापासून वर बेचाळीस पायऱ्या. नळ घरोघरी होते, पण पाणी पंधराव्या पायरीला दमायचं, आणि बायका चौकातल्या बोअरवरून हंडे भरून वर न्यायच्या. मला निवडून येऊन अडतीस दिवस झाले होते. पाणीपुरवठा विभाग नगरपरिषदेच्या कुठल्या मजल्यावर आहे, हेही मला अजून विचारावं लागायचं. शहाणा माणूस म्हणाला असता, आक्का, चौकशी करून सांगतो. मी माईक घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो,

“आक्का, लेकीला बिनधास्त आणा! टेकाडी आळीत पाणी आलंच समजा!”

टाळ्या पडल्या. शालनआक्कांनी वाजवल्या नाहीत. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि पदरानं तोंड पुसून खाली बसल्या. मला वाटलं, भारावल्या.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझा मूर्खपणा नीट कळायचा नाही. नगरसेवक व्हायच्या आधी एकवीस वर्षं मी निवेदक होतो. लग्न, मुंज, निरोप समारंभ, शोकसभा, जिथं माईक तिथं रमाकांत गोंजारी. निवेदकाला गोष्ट घडायच्या आधी सांगावी लागते. नवरदेव लॉजवर दाढी करत असला तरी ‘वरराजांचं मंडपात आगमन होत आहे’ म्हणायचं. भात शिजायचा असला तरी ‘पंगत बसतेच आहे’ म्हणायचं. नवरदेव येतोच आणि भातही शिजतोच. एकवीस वर्षांत माझं एकही वाक्य खोटं पडलं नव्हतं, फक्त थोडं लवकर पडलं होतं. एका लग्नात नवरदेव आलाच नाही, पण ते लग्न मी धरत नाही.

लोकांनी मला निवडून दिलं ते या आवाजावर. निवडून आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर मोबाइलवर ‘संवाद प्रभाग नऊ’ नावाचा ग्रुप काढला. पहिल्या दिवशी तिथं तुंबलेल्या गटारीचे अकरा फोटो आले, एक मेलेली घूस आली, आणि कुणीतरी माझा जाहीरनामा लाल शाईनं तपासून पाठवला. शंभरपैकी चार. दुसऱ्या दिवशी मी ‘फक्त ॲडमिन बोलू शकतील’ हे बटण दाबलं. त्यानंतर संवाद सुरळीत सुरू झाला.

रोज सकाळी सात वाजता माझा आवाज लोकांच्या घरात जायचा. काम ‘प्रगतिपथावर’, मग ‘अंतिम टप्प्यात’, मग ‘पूर्णत्वाकडे’. माझी बायको वैजयंता चहा गाळता गाळता ऐकायची.

“अहो, त्या चौकातल्या दिव्याचं काम तीन आठवडे पूर्णत्वाकडे चाललंय. रस्ता चुकलं का काय?”

मी तिच्याकडे दुर्लक्ष करायचो. ग्रुपचे सदस्य चारशे अकरा झाले होते. मी ज्याला भेटेन त्याला म्हणायचो, नातेवाइकांनाही घ्या. त्यातले शंभर जण दुसऱ्याच गावात मतदान करणारे होते, पण आकडा चांगला दिसायचा.

टेकाडी आळीच्या पाण्यासाठी मी खेपा घातल्या, ते मात्र खरं. पाणीपुरवठ्याच्या पोतदार साहेबांनी दोन महिन्यांनी एका शनिवारी मला सांगितलं, “नवीन पंप बसलाय. सोमवारी सकाळी सातला पाणी सोडून बघतो. लाइन जुनी आहे. धरलं तर चढेल, नाहीतर कुठंतरी फुटेल.”

एवढ्या बोलण्यातलं मी ‘सोमवारी सकाळी सातला पाणी’ एवढंच ऐकलं. रविवारी संध्याकाळी पंखा बंद करून, दार लावून, संदेश ध्वनिमुद्रित करायला बसलो. दोनदा कुकरची शिट्टी मध्ये आली. तिसऱ्यांदा जमलं.

“प्रभाग नऊच्या सुजाण बंधू-भगिनींनो! पिढ्यान्‌पिढ्यांची तहान आज संपली! अखेर टेकाडी आळीत गंगा अवतरली! नळ उघडा, हंडे भरा!”

वैजयंता दारात उभी होती. “आली का गंगा?”

“उद्या येणार.”

“मग उद्या बोला की.”

“उद्या गडबड असेल गं. नारळ फोडायचाय.”

सोमवारी सातला मी चौकात, नवा सदरा घालून, नारळ घेऊन उभा. पोतदार साहेबांच्या माणसानं पाणी सोडलं. मी नारळ फोडला आणि त्याच हातानं संदेश पाठवला. बरोबर नऊ मिनिटांनी अठराव्या पायरीजवळ पाइप फुटला. पुरुषभर उंच कारंजं उडालं. माझा सदरा, खोबरं, हळद-कुंकू, सगळं धुऊन निघालं.

“साहेब, पंधरा-वीस दिवस तरी धरा,” पोतदार साहेब शांतपणे म्हणाले. “लाइन बदलावी लागेल.”

मी घरी आलो. कोरडा सदरा घालताना मनाशी म्हटलं, एवढं काय मोठं? आळीतल्या लोकांनी नळ उघडला असेल, फुस्स आवाज ऐकला असेल, मला दोन शिव्या घातल्या असतील. ग्रुपवर कुणाला बोलता येत नाही. दोन दिवसांनी ‘तांत्रिक कारणास्तव’ म्हणून काहीतरी टाकू. आणि मी पोटभर मिसळ खाल्ली.

दुपारी साडेबाराला चौकातून जात होतो, तर पायऱ्यांपाशी जीप उभी. शालनआक्का खाली उतरून कुणाला तरी हात देत होत्या. त्यांची लेक ऊर्मिला. नववा महिना, चेहरा प्रवासानं ओढलेला, पण हसत होती.

“साहेब!” शालनआक्कांनी लांबूनच हाक मारली. “तुमचं सोनं होवो! आज पाणी सोडणार असं कळलं, तशी पहाटेच्या एसटीनं व्याह्यांकडं गेले. सात वाजता विहीणबाईंच्या म्होरं मोबाइल ठेवला आणि तुमचा आवाज मोठ्यानं लावला. लीलाताईंनी तीनदा ऐकलं बघा. मग म्हणाल्या, एवढ्या खणखणीत आवाजात माणूस खोटं कशाला बोलंल? न्या पोरीला.”



मी बॅग उचलली. बेचाळीस पायऱ्या चढेपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि कुणाला नवल वाटलं नाही, कारण ऊर्मिला दर सहा पायऱ्यांना थांबत होती आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे होतं. घरी पोचल्यावर शालनआक्कांनी सगळ्यांत आधी अंगणातला नळ उघडला. नळ खाकरला. त्यांनी तो पूर्ण उघडला आणि खाली हात धरून उभ्या राहिल्या.

समोरच्या बाईनं खिडकीतून सांगितलं, “कशाची गंगा, आक्का! सकाळीच खाली पाइप फुटला.”

शालनआक्का वळल्या. मला वाटलं, आता वाजवतात कानाखाली. वाजवली असती तर बरं झालं असतं.

“आक्का, चूक झाली,” मी म्हणालो. “मी आत्ता ग्रुपवर खुलासा टाकतो.”

“खुळं झाला का?” त्या एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या. “जावई हाय तुमच्या ग्रुपात. तुम्हीच घेतलंय त्याला. त्याला कळलं की सासूला कळलं, आणि सांजच्याला जीप माघारी येईल.”

ऊर्मिला आत जाऊन आडवी झाली. शालनआक्कांनी मला नळापासून बाजूला नेलं.

“तुम्हाला ठाव न्हाई,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांमागं ती अशीच आलती, सातव्यात. मी लोकांच्या घरी सैपाकाला जायची. जाताना बजावायची, पाण्याला हात लावू नको. पण पोर माझीच. आईला तरास नको म्हणून, मी गेले की हंडा घेऊन खाली जायची. तीन दिवस मला पत्ता न्हाई. चवथ्या दिवशी मधल्या पायरीवर बसली ती उठलीच न्हाई. मूल गेलं साहेब.”



“सासू मला एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर बरं. एवढंच म्हणाली, आता पाणी आल्याबिगर न्हाई पाठवायची. बरोबरच हाय की तिचं. पण मला तिचं बाळंतपण ह्याच घरात करायचंय, माझ्या हातानं. म्हणून तुम्हाला त्या दिवशी सगळ्यांच्या देखत इचारलं. घरी येऊन इचारलं असतं तर उगीच बरं वाटावं म्हणून बोलला असता.”

 इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, त्या लाजेच्या तळाशी जरासं हायसंही वाटलं होतं, की चला, खुलासा टाकायला नको. म्हणजे मी काय लायकीचा माणूस होतो ते बघा.

“पाण्याचं मी बघतो,” मी म्हणालो.

“टँकर वर चढत न्हाई.”

“मी चढतो.”

दुसऱ्या दिवसापासून मी आणि वैजयंता सकाळ-दुपार हंडे वाहू लागलो. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं मिळून दिवसाला चौदा हंडे. वैजयंतानं माझ्या खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवली आणि म्हणाली, “पाय बघून टाका. तोंड बंद ठेवा, दम पुरेल.” पहिली खेप वर पोचली तेव्हा मी नकळत खिशातला मोबाइल काढून शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, “एक फोटो घ्या ना, हंड्यासकट.” वैजयंतानं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला. तो मला आठवडाभर परत मिळाला नाही.

त्यामुळे सकाळी सातचा ग्रुप गप्प झाला. लोकांना वाटलं मी आजारी पडलो. दोघं जण मोसंबी घेऊन घरी येऊन गेले. आळीला मात्र सगळं माहीत होतं, आणि आळीनं ते पोटात ठेवलं. माझ्यासाठी नव्हे, ऊर्मिलासाठी. मला त्यांनी सोडलं नाही.

“काय साहेब, गंगा कुठवर आली?”

“खांद्यापर्यंत,” मी धापा टाकत म्हणायचो.

सहाव्या दिवशी, रविवारी, दहाच्या सुमाराला मी सत्ताविसाव्या पायरीवर टेकलो होतो. अंगात बनियन, वर खोचलेली पँट, हंडा मांडीशी. खालून एक बाई वर येत होत्या. नऊवारी, ताठ मान, हातात डब्याची पिशवी.

“ओ दादा, बोडक्यांचं घर कुठलं?”

मला लगेच कळलं, या लीलाताई. ऊर्मिलाची सासू. मी हनुवटीनं वर दाखवलं.

“कितवं?”

मी तीन बोटं वर केली.

“मुका हाईस व्हय रे बाबा?” त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “बरं, घोटभर पाणी दे. लांबनं आलीय.”

मी हंडा कलता केला. त्यांनी ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “देव तुझं भलं करो.”

आणि माझ्या तोंडातून, एकवीस वर्षांच्या सवयीनं, माईकवर बोलावं तसं बाहेर पडलं, “आपले मनःपूर्वक आभार!”

लीलाताई एक पायरी चढल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

“परत बोला.”

मी हंड्याच्या गळ्याला हात घातला.

“हा आवाज मी तीनदा ऐकलाय,” त्या म्हणाल्या. “गंगा अवतरली म्हणणारे तुम्हीच न्हवं?”

“मीच,” मी म्हणालो. “पाणी आलं नाही ताई. मी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. आक्कांना काही माहीत नव्हतं. त्यांनी तुम्हाला फसवलं नाही. मी त्यांना फसवलं.”

“आणि हे पाणी कुणाचं?”

“त्यांच्याकडेच चाललंय.”

“ऊर्मिला उचलती का?”

“त्यांना उंबऱ्याबाहेर येऊ देत नाही कुणी.”

त्यांनी माझ्याकडं, हंड्याकडं आणि उरलेल्या पायऱ्यांकडं बघितलं. “उचला,” म्हणाल्या. “चला वर.”

शालनआक्का तांदूळ निवडत होत्या. विहीणबाईंच्या मागून मला हंडा घेऊन आत शिरताना पाहिलं आणि त्यांचा हात ताटातच थांबला. लीलाताई आधी सुनेपाशी गेल्या, तिच्या पोटावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन एकेका भांड्यावरचं झाकण उचलून बघितलं. सगळी भरलेली होती.

“विहीणबाई, पाणी न्हाई हे मला फोनवर का न्हाई सांगितलं?”

“नेली असती तुम्ही तिला.”

“व्हय. नेली असती. आजबी नेणारच हाय.”

शालनआक्कांनी ताट खाली ठेवलं.

“रागानं न्हाई नेत,” लीलाताई म्हणाल्या. “बाळंतिणीच्या न्हाणीला रोज दोन बंब लागत्यात. वर बाळाची धुणी. ह्या माणसाच्या खांद्यावर किती दिवस काढशीला?”

“मी आणेन ताई,” मी म्हणालो. “सव्वा महिना आणेन. शब्द देतो.”

“तुम्ही गप्प बसा. तुमचं ऐकून झालंय.”

मी हंडा खाली ठेवला.

“आवरा, विहीणबाई,” लीलाताई पुढं म्हणाल्या. “तुम्हीबी चला. बाळंतपण तुम्हीच करा, तुमच्या हातानं. माझ्या घरात दोन नळ हाईत. मी मधी बोलणार न्हाई.”

“लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हाऊ? लोक काय म्हणतील?”

“म्हणू द्या की लोकांना.”

शालनआक्का रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदानं. बायकांच्या रडण्याचे अर्थ लावण्यात मी तोवर पुरता तरबेज झालो होतो.

दुपारी ऊर्मिलाला धरून सगळ्या खाली निघाल्या. मागं शालनआक्का घराला कुलूप लावत होत्या. मी बॅग घेऊन उभा होतो.

“आक्का, बरंच झालं की,” मी म्हणालो. “तुमच्या हातानंच होणार सगळं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “लीलाताई लई मोठ्या मनाच्या.” त्यांनी कुलूप ओढून बघितलं. “पण मला ह्या घरात करायचं होतं. ह्या घरातनं पोर रिकाम्या हातानं गेलती. एकदा तिनं भरल्या हातानं जायला पाहिजे होतं. एवढंच होतं माझं.”

 आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर खरं काय ते सांगितलं आणि ते बटण काढून टाकलं. मग काय काय आलं ते इथं लिहीत नाही, हे लहान-थोर सगळे वाचतील. मी सगळं वाचलं. उत्तरं देता आली तिथं दिली.

ऊर्मिलाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं वैजयंतानं मला सांगितलं; मी फोन करायचं धाडस केलं नव्हतं. लाइन बदलायला पंधरा-वीस नव्हे, एकतीस दिवस लागले. त्या गुरुवारी पाणी सोडलं तेव्हा मी चौकात थांबलो नाही, नारळही नेला नाही. पायऱ्या चढत गेलो. अठरावी गेली, तिसावी गेली. पस्तिसाव्या पायरीवर माझी चप्पल भिजली.

पाणी शालनआक्कांच्या अंगणातून येत होतं. नळ पूर्ण उघडा होता. त्या सोमवारी त्यांनी उघडला, तो त्या घर सोडून जाईपर्यंत बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कुलूप लावलेल्या दारासमोर पाणी धो-धो पडत होतं, उंबऱ्याखालून, तुळशीभोवतीनं पायऱ्यांवर उतरत होतं. मला हुंदका आवरला नाही. तो ओसरल्यावर मी फोन लावला.

“आक्का, पाणी आलं.”

पलीकडे मागं बाळ रडत होतं, कुणीतरी भांडं ठेवलं.

“खरंच आलंय का बोलून ठेवलंय?”

मी वाकलो आणि मोबाइल नळापाशी धरला. बराच वेळ धरला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली. त्यांनी फोन ठेवला असेल असं वाटून मी तो परत कानाला लावला. त्या अजून तिथंच होत्या, श्वास ऐकू येत होता.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “नळ बंद करा. वाया चाललंय.”

मी नळ बंद केला.